भिंतीवरचे नियम

माझं अक्षर चांगलं म्हणून ह्यांच्या ऑनलाइन गेमच्या ग्रुपचे नियम मीच लिहून दिले. तो कागद कॉम्प्युटरच्या वर चिकटवलाय: कुणावर ओरडायचं नाही, चुकलेल्याला सांभाळून घ्यायचं, दमलेल्याला विश्रांती द्यायची. हे तिथले कप्तान. आज दवाखान्यातली ड्युटी संपवून आले आणि तशीच केर काढायला लागले. हे हेडफोनवर ग्रुपमधल्या एकाला समजावत होते, “हरलो तर हरलो रे. दमला असशील, जरा पाणी पी.” तेवढ्यात झाडूला वायर अडकली, प्लग निघाला आणि कॉम्प्युटर बंद. हेडफोन आपटून हे ओरडले, “डोळे फुटले का तुझे? एक काम धड जमत नाही!” मी वाकून प्लग पुन्हा खोचला. उठताना कागदाकडे बघून विचारलं, “अहो, तुमच्या ग्रुपमध्ये मला घ्याल का?” “तुला खेळता कुठं येतं?” “खेळायचं नाहीये. नुसतं मेंबर व्हायचंय.”