लाइलची दोरी

शेजारच्या छपरावर लाइल कमरेला दोरी बांधून काम करत होता, आणि ते बघून आर्लोच्या पोटात दुखत होतं. गेल्या उन्हाळ्यापर्यंत दोघं व्हर्नच्याच टोळीत छपरं ठोकायचे. मग लाइल उठून डार्लीन नावाच्या बाईच्या टोळीत गेला. आता डुलुथ शहरातल्या या गल्लीत दोन्ही टोळ्यांना शेजारशेजारची घरं मिळाली होती.

"बघा रे, आपली गाय दावणीला बांधलीय," आर्लो ओरडला. सगळे हसले. मुकादम व्हर्न सगळ्यांत मोठ्यानं हसला. लाइलनं नुसता हात हलवला, त्यामुळे आर्लो आणखीच जळला.

पहाटेचं दव छपरांवर गोठलं होतं. ते वितळेपर्यंत डार्लीननं आपल्या माणसांना वर चढूच दिलं नव्हतं. ती सगळी माणसं आरामात गाडीला टेकून कॉफी पीत होती.

"कॉफी प्यायचा पगार घेतात लेकाचे," व्हर्न तेव्हा म्हणाला होता. आर्लोनं मान डोलावली होती. त्याचे हात तेव्हा छपरावर गारठून लाकूड झाले होते.

छपराच्या मागच्या उतारावर अजून ऊन आलं नव्हतं. तिथं आर्लोचा पाय सटकला. तो पोटावर घसरत पार कडेपर्यंत गेला आणि पन्हळीत बूट अडकला म्हणून थांबला. हातोडा मात्र खाली गेला.

"हातोडा कुणाचा पडला रे?" व्हर्ननं वळूनही न बघता विचारलं.

"ए, हलू नकोस! लागलं का तुला?" हा आवाज शेजारच्या छपरावरून आला. डार्लीनचा. आणि लगेच, "लाइल! गाढवा, दोरी का सोडलीस? त्याला वाचवायला जाऊन तू मर. तुझ्या बायकोला मी जाऊन सांगू का?"

आर्लोकडे धावत निघालेला लाइल जागीच थांबला. मुकाट्यानं मागं गेला आणि दोरी अडकवली. डार्लीन त्याला झापतच होती, आणि झापताना तिचा आवाज कापत होता.

आर्लो पालथा पडून ऐकत राहिला. त्याला लाइलच्या कॉफीचा हेवा वाटला होता, दोरीचा वाटला होता. पण या शिव्यांचा वाटला तेवढा कशाचाच नाही. इतक्या वर्षांत त्याला असं कुणी झापलं नव्हतं.

तो सावकाश शिडीवरून उतरला. हातोडा उचलला. 

"व्हर्न, आपल्याकडेही एक दोरी होती ना? नवी कोरी?"

वरून कुणीतरी गायीसारखं हंबरलं. पुन्हा हशा झाला.

"आहे की," व्हर्न म्हणाला. "गाडीत बघ."

आर्लो गाडीपाशी गेला. दोरी होती. वाटेत छपराचा माल पडू नये म्हणून व्हर्ननं ती गठ्ठ्यांवरून दोनदा फिरवून चांगली घट्ट बांधली होती.