चौथा ट्विटर

“ह्यो बी बोगस निघाला!” जोतीराम सुभेदारांनी स्क्रूड्रायव्हर टेबलावर आपटला.

हा तिसरा ट्विटर. ट्विटर म्हणजे स्पीकरच्या वरच्या अंगाला बसणारी छोटी वाटी. किणकिणता, बारीक आवाज तिच्यातनं निघतो. म्हणजे निघायला पाहिजे. सुभेदारांनी दोन महिने खपून फळ्यांची खोकी केली होती, अँप्लिफायरचं कीट आणून एकेक तार स्वतःच्या हातानं जोडली होती. सव्वीस वर्षं तोफखान्यात काढलेला माणूस, काम कसं चोख. खालचा आवाज असा घुमायचा की फडताळातली भांडी हलायची. पण ज्या एका गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप होता, तीच ऐकू येत नव्हती.

सुभेदार नवे शिपाई म्हणून बर्फात होते, तेव्हाची गोष्ट. आईला लिहिता येत नव्हतं. सुट्टीवर आलेल्या एका जवानानं जात्याशेजारी टेपरेकॉर्डर ठेवला आणि आईनं दळता दळता लेकाला ओव्यांचं पत्र धाडलं.

“बर्फाच्या डोंगरी, लेक माझा पहाऱ्याला,
चुलीची गं ऊब माझ्या, धाडू कशी वाऱ्याला.”

जात्याची घरघर, आईचा गळा आणि दर फेऱ्याला वाजणाऱ्या तिच्या काचेच्या बांगड्या. त्या किणकिणीनं सुभेदारांना घरात बसल्यासारखं वाटायचं, रडू यायचं. आई जाऊन बावीस वर्षं झाली. जुना टेपरेकॉर्डर कधीच भंगारात गेला; ओव्यांची कॅसेट तेवढी जपली होती आणि ती वाजवायला बाजारातनं डेक आणला होता. आता त्यांना दुसरं काही नको होतं, मरायच्या आधी एकदा त्या बांगड्या ऐकायच्या होत्या.

“आत्याबाईंचा गळा तर येतोय की झकास,” उंबऱ्याशी तांदूळ निवडत सुभेदारांच्या बायको लीलाबाई सासूच्या आवाजाबद्दल म्हणाल्या.

“गळा येतोय. बांगड्या कुठं हायत? तुला येत्यात का ऐकू?”

“तुमास्नी येत न्हाईत म्हंजे नसतील.” त्यांनी मूठभर तांदूळ अंगणात टाकले.

“ते कुणाला टाकतीस?”

“चिमण्यास्नी.”

“कुठल्या चिमण्या? मोबाईलचा टॉवर झाल्यापास्नं गावात चिवचिव ऱ्हायलीया व्हय? सगळंच डुप्लिकेट झालंय बघ. कुकरची शिट्टी दोनदा बदलली, ती बी मुकीच.”

लीलाबाई ताट उचलून आत गेल्या.

सुभेदारांना खटकत होता तो कराडचा दुकानदार, तारिक. ट्विटर खराब आहे म्हटलं की तो लगेच बदलून द्यायचा. हुज्जत नाही, बिल दाखवा नाही, काही नाही. “व्हय सुभेदार, पीसच खराब असंल,” म्हणायचा आणि नजर चुकवायचा. अहो, दुकानदार भांडत नाही म्हणजे काय? कुठंतरी पाणी मुरत होतं.

गुरुवारी ते मुरलेलं पाणी दिसलं. बाजाराला म्हणून गेलेल्या लीलाबाई सुभेदारांना तारिकच्या दुकानात दिसल्या. स्टुलावर बसून हात जोडून त्याला काहीतरी सांगत होत्या आणि तारिक मान हलवत होता. सुभेदार रस्त्यापलीकडं उभे राहिले आणि गुपचूप माघारी आले.

“काय म्हंतोय बाजार?” संध्याकाळी त्यांनी सहज विचारलं.

“म्हागाई लय,” लीलाबाई म्हणाल्या. तारिकचं नाव नाही.

मग सुभेदारांच्या डोक्यात सगळं लख्ख जुळलं. कॅसेट हिनंच बिघडवली. कधी उन्हात ठेवली असेल, कधी चुकून तिच्यावर दुसरं काही भरलं असेल. आणि आता हे दोघं मिळून पार्टाच्या नावावर खपवतायत. छत्तीस वर्षांचा संसार, पण आईच्या आवाजाशी खेळली. त्यांना जेवण गेलं नाही.

तोफखान्यात ते एक शिकले होते, संशय आला की आधी परीक्षा घ्यायची, मग बोलायचं.

त्यांनी तारिकला फोन केला. “सगळ्यात भारी ट्विटर घिऊन रविवारी घरीच ये. च्या पिऊ.”

तारिक आला. सुभेदारांनी ट्विटर घेतला आणि खोकं पाठमोरं करून स्वतःच बसवला. बसवला, पण तार जोडलीच नाही. तार खोक्यात तशीच लोंबत ठेवून त्यांनी स्क्रू आवळले. आता या ट्विटरमधनं देव आला तरी आवाज निघणार नव्हता. बांगड्या वाजतात म्हणाला तर तारिक खोटारडा. पीस खराब म्हणाला तरी खोटारडा, कारण तो पीस जोडलेलाच नाही. व्हय म्हणाला तरी सापडला, न्हाई म्हणाला तरी सापडला. लीलाबाई आत चहा टाकत होत्या. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

कॅसेट फिरायला लागली. जातं घरघरलं. आईनं पहिली ओवी म्हटली, दुसरी म्हटली.

तारिकच्या कपाळाला आठी पडली. त्यानं स्पीकरकडं पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडं. सुभेदार त्याच्यावरची नजर काढत नव्हते.

“बोल की रं,” ते हसून म्हणाले. “काय ऐकू येतंय?”

तारिकनं उठून स्पीकरला कान लावला.

तेवढ्यात आतनं, कपबशा मांडता मांडता लीलाबाई म्हणाल्या, “आवं, आजच कशा आत्याबाईंच्या बांगड्या वाजंनात? रोज तर झकास वाजत्यात की!”