दुसरी जोडी दाखवा

झाडावर चढताना पायाला बांधायच्या लोखंडी काट्यांची चौथी जोडीही तिच्या नवऱ्याने नाक मुरडून परत केली. “याची गादी नडगीला बोचते. आणि काटा बघा केवढा लांब! पातळ सालीत रुतूनच बसेल.”

दुकानदार मेटाकुटीला आला. “वहिनी, तुम्ही तरी समजवा यांना.”

तिने पेंगुळलेलं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “अहो भाऊ, आम्हाला कुठे घाई आहे? अजून दाखवा ना!”

नवऱ्याने पाचव्या जोडीचा पट्टा ओढून पाहिला. “छे! हाही चालणार नाही.”

ती कोपऱ्यातलं स्टूल ओढून निवांत बसली. झाडावरून पडल्यापासून तो घरात बसून होता, आणि जेवायला काय करू विचारलं तरी भिंतीकडे बघत म्हणायचा, “काहीही चालेल.”