मधला आकडा

"नऊ," बाई म्हणाल्या आणि पेन्सिल खाली ठेवली.

साहेबांनी मान वर केली. अण्णांनी दोन सांगितले होते, साहेबांनीही दोन. आणि या बाई, बदली होऊन आल्याला महिना झाला नाही, सरळ नऊवर जाऊन बसल्या होत्या.

पाणीखात्याची ही तपासणीची खोली लहानशीच होती. रोज सकाळी टाकीतलं पाणी कोमट करून झाकणाच्या पेल्यांतून इथे यायचं. तिघांनी झाकण उचलायचं, नाक लावायचं आणि वास किती ते शून्य ते दहामध्ये सांगायचं. तिघांचं ॲव्हरेज चारच्या आत आलं तर पाणी शहरात सोडायचं, वर गेलं तर टाकी बंद. एकाने दुसऱ्याचं तोंड बघू नये म्हणून टेबलावर पूर्वी लाकडी फळ्या होत्या. रंगकामाला काढल्या त्या काढल्या. परत लावायचं काम कोणत्या विभागाचं, यावर अजून पत्रं फिरत होती.

"पुन्हा एकदा बघता का?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी झाकण उचललं आणि लगेच मान मागे घेतली. "नऊच."

"कसला वास आहे नेमका?"

"रंगाचा डबा उघडल्यावर येतो तसा. तुम्हाला नाही येत?"

"नाक प्रत्येकाचं वेगळं असतं," साहेब म्हणाले.

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. अण्णांचं नाक म्हणजे खात्याची शान. त्यांनी एकदा नुसत्या वासावरून कोणत्या गल्लीतला नळ फुटलाय ते सांगितलं होतं म्हणे. ही गोष्ट शिपायापासून वरपर्यंत सगळे सांगत, आणि दर खेपेला गल्ली बदलत असे.

बाईंनी हिशेब केला. "तेरा भागिले तीन. चारच्या वर जातंय, साहेब."

"तो मीन झाला. आपण मीडियन घेतो. दोन."

"नियमात काय लिहिलंय?"

गोम तिथेच होती. नियमात नुसतं 'ॲव्हरेज' लिहिलं होतं. लिहिणारा केव्हाच निवृत्त झाला होता आणि त्याच्या मनात काय होतं ते विचारायची सोय नव्हती.

"ॲव्हरेज दोघांनाही म्हणतात," साहेब समजावू लागले. "मीन म्हणजे सगळ्यांचं एका भांड्यात ओतायचं आणि सारखं वाटून द्यायचं. मीडियन म्हणजे सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं करायचं आणि मधल्याला पुढे बोलवायचं. एखाद्याला सर्दी असते, एखाद्याला भलताच भास होतो. त्या एकापायी सगळं शहर तहानलेलं राहू नये, म्हणून मधला."

"म्हणजे मी नऊ म्हटलं काय आणि दहा म्हटलं काय, सारखंच."

"तसंच काहीसं."

"मग मला इथे बसवलंय कशाला?"

बाईंचा आवाज चढला नव्हता. साहेबांना तेच जास्त लागलं.

"मधला आकडा घेताना आपण एक धरून चालतो," बाई म्हणाल्या. "चुकणारा एकटाच आहे, असं."

मागच्या उन्हाळ्यात साहेबांनी एकदा टाकी बंद ठेवली होती आणि नंतर पाणी स्वच्छ निघालं होतं. दवाखान्यातली ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली, आणि वरच्यांनी साहेबांची अशी खरडपट्टी काढली की आठवडाभर घास गोड लागला नाही. पण आज या बाई बरोबर असतील तर? दुपारपर्यंत हे पाणी घराघरांत पोचणार. त्यांच्या स्वतःच्या घरी दोन वर्षांची नात होती.

बायकोला फोन करून कालचंच पाणी वापर म्हणून सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. पण ती कारण विचारणार. बिचारी हल्ली खुशीत होती. वर्षभरात नवऱ्याने जेवणाला एकदाही नाव ठेवलं नव्हतं. परवा तर करपलेलं दूधसुद्धा तो मुकाट्याने प्यायला होता. उतारवयात का होईना, शहाणा झाला, असं ती शेजारणीला सांगत होती.

"अण्णा, तुमचं काय म्हणणं?"

"दोन म्हणजे दोन," अण्णा म्हणाले.

साहेबांना हायसं वाटलं. अण्णांचं नाक एकीकडे आणि येऊन महिनाही न झालेल्या बाई दुसरीकडे, तर विचार कसला करायचा? त्यांनी सही केली आणि पंपघरात फोन लावला. "सोडा."

बाईंनी पर्स उचलली. "मी आज बाहेरून पाणी विकत घेणार आहे," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

थोड्या वेळाने खाली पंप सुरू झाले. अण्णांनी उठून दार लावलं. तिसरं कोणी नसलं की ते साहेबांना एकेरी हाक मारत. नोकरीला दोघे बरोबरच लागले होते.

"आज बाईंनी घोळ घातला म्हणून सांगतो," ते म्हणाले. "रागावू नकोस. गेल्या वर्षी तापाची साथ आली, तेव्हापासून मला वास येत नाही. फिनेलची बाटली नाकाशी धरली तरी नाही. निवृत्ती जवळ आलीय, म्हणून बोललो नाही. नाक गेलं म्हटल्यावर या खात्यात माझं राहिलं काय?"

"मग आकडा कुठून देता?" साहेबांनी विचारलं.

"तुझ्या तोंडाकडे बघून. तुझ्या कपाळावर आठी दिसली नाही की दोन म्हणतो. म्हटलं, एक नाक तर शाबूत आहे ना, मग झालं."

त्याच साथीत साहेबांचंही नाक गेलं होतं, आणि तेव्हापासून रोज सकाळी ते अण्णांच्या कपाळाकडे बघून आकडा देत होते.