पानावर आडवे हात

अनसूयाबाईंनी पानावर दोन्ही हात आडवे धरले, तरी नातवाच्या सासूने पुरणपोळी त्यांच्या हातांवरच ठेवली आणि वर गरम तुपाची धार सोडली. पंगत हसली.

"आजी, उपाशी उठलात तर लोक आम्हाला नावं ठेवतील!"

"अहो, पोटाचं ऑपरेशन झालंय, सांगितलं ना!" अनसूयाबाई कडाडल्या. तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळला होता. घशाशी येणारं आंबट थांबलं, पण आता साधा ढेकरही येत नव्हता. वाटीभर मऊ भातावर एक घास जास्त झाला, की तो छातीत अडकायचा आणि पोट नगाऱ्यासारखं फुगायचं. ओकून मोकळं होण्याचीही सोय उरली नव्हती. "हा आग्रह आहे की जुलूम?"

शेजारी बसलेली धाकटी जाऊ प्रमिला हळूच म्हणाली, "माझ्या पहिल्या मंगळागौरीला तुम्हीही असंच तूप ओतलंत, जाऊबाई. मला दिवस गेले होते, पाणीसुद्धा ठरत नव्हतं. 'नखरे पुरे' म्हणालात. मी मागीलदारी ओकत बसले होते."

अनसूयाबाईंना ती मंगळागौर लख्ख आठवत होती. चांदीचं तूपपात्र, कोण कुठे बसलं होतं ते, पंगतीचं हसणंसुद्धा. प्रमिलाचा चेहरा तेवढा आठवेना.

तूप घेऊन नातवाच्या सासूबाई आता प्रमिलाकडे वळल्या. अनसूयाबाईंनी आपले तुपाने माखलेले हात झटकन जावेच्या पानावर आडवे धरले.

"खबरदार! आधी तिला विचारा."