दहावा शब्द

इनॉककाकांनी पहिला शब्द स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हटला. मग हात लांब करून पुढचा खांदा चाचपायला लागले.

माणसं एक-दोन-तीन करून मोजायची नाहीत, ही बेने इस्रायलींची, कोकणातल्या ज्यूंची, जुनी रीत. दहा शब्दांची हिब्रू ओळ म्हणायची, माणसामागे एक शब्द. दहा पुरुष जमून ओळ पुरी भरली तरच तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर काढून वाचायची. पनवेलच्या सिनेगॉगमध्ये तीस वर्षं हे काम काकांचं. आजवर नुसत्या नजरेनं व्हायचं. आज पहिल्यांदाच हातानं.

उजवा डोळा जन्मापासूनच अधू. डाव्याचा पडदा दोन वर्षांपूर्वी सुटला. ऑपरेशन झालं, आत तेल भरलं, पडदा बसला. सगळं धूसर, पण समोर माणूस आहे एवढं कळायचं. "सहा महिन्यांनी तेल काढायचं हं," डॉक्टरांनी बजावलं होतं. पण हे डॉक्टर पनवेलला यायचे फक्त शनिवारी. आणि शनिवार हाच प्रार्थनेचा दिवस; काका तिकडे गेले, की इथे उरणार नऊ.

"नऊ तर नऊ! देव काय हजेरी घेतो?" रिवकाकाकू कितीदा करवादल्या.

"पुढच्या शनिवारी नक्की," काका म्हणायचे. असं करत वर्ष उलटलं. तेलाचे बारीक बारीक थेंब झाले, डोळ्यातलं प्रेशर वाढलं, नस सुकली, होतं तेवढंही दिसेनासं झालं. गेल्या शनिवारी काकूंनी ओढतच नेलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"काका, फार उशीर केलात हो."

काकांनी मनाची समजूत घातली. निदान तोवर तरी आपण ओळ कधी तुटू दिली नाही.

आठवा खांदा. नववा नोमचा. दहावा शब्द कोपऱ्यातल्या अवीवचा. कळंबोलीहून यायचा, अबोल माणूस, शेवटी कधी निघून जायचा कळायचंही नाही. काकांचा हात त्याच्या प्रार्थनेच्या शालीवर पडला. शाल दबली. खाली खुर्चीची पाठ.

"अवीव कुठाय?"



"काका," नोम म्हणाला, "त्याला शनिवारची ड्युटी लागली ना. तुमच्या ऑपरेशननंतर महिन्याभरातच. शाल तेवढी राहिलीय."

"मग मी दर शनिवारी..."

"तुम्ही ओळ पुरी करायचात. आम्ही गप्प बसायचो. आम्हाला वाटलं, तुम्ही बघून न बघितल्यासारखं करताय."