उशीर कुठे झाला?

सिंधुबाईनं जीपमध्ये बसल्या बसल्याच ‘घरी’ या चौकोनात बरोबरची खूण करून टाकली. बाळंतीण दगावली की भरायचा तो फॉर्म. उशीर कुठे झाला, हा त्यातला मुख्य प्रश्न, आणि पुढे तीन चौकोन: घरी, वाटेत, दवाखान्यात. सत्तावीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून डोंगर तुडवलेल्या बाईनं याचं उत्तर विचारायला पाड्यावर कशाला जायचं? निघताना डॉक्टरही तेच म्हणाले होते. घरीच टाका, नाहीतर चौकशी आपल्या अंगाशी येईल. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत तुमची, सांभाळा.

पण फॉर्मवर घरच्यांचा अंगठा लागतो. म्हणून जीप ओढ्याशी सोडून ती चढण चढत होती आणि पावलागणिक तिचं डोकं तापत होतं. दर निवडणुकीत मंजूर होणाऱ्या पुलावर तिचा राग होताच, पण सगळ्यात जास्त राग होता फुलीबाईवर. फुलीबाईची सून रमिला. पहिलटकरीण, अंगात रक्त कमी. तिसऱ्या महिन्यापासून सिंधुबाई कानीकपाळी ओरडत होती, नववा लागला की हिला माहेरघरात आणून सोड. माहेरघर म्हणजे दवाखान्याच्या आवारातलीच एक मोठी खोली. लांबच्या पाड्यांवरच्या बायांनी दिवस भरत आले की तिथे येऊन राहायचं, फुकट जेवायचं, कळा सुरू झाल्या की शेजारीच बाळंत व्हायचं. एवढी सोय हाताशी असून या लोकांनी पोरीला घरात डांबून ठेवली. कळा लागल्यावर बांबूला झोळी बांधून धावत सुटले आणि ओढ्यापाशी सगळं आटोपलं. मूल तेवढं वाचलं.

आणि हे कधी? तर खांडबाऱ्याच्या ट्रेनिंगच्या दुसऱ्याच दिवशी. ब्रिटनमध्ये वर्षभर शिकून आलेल्या डॉक्टर रुचिका मॅडम त्या गुरुवारी दिवसभर जीव तोडून सांगत होत्या. दीडशे वर्षांपूर्वी लंडनची नदी गटारासारखी नासली होती. तिथेही गरिबाघरच्या बाया बाळंतपणात मरायच्याच. मग महायुद्धात शहरं पडली, धान्य रेशनवर आलं, आणि तशाही हालात त्यांनी सगळ्यांसाठी दवाखाने फुकट केले. गेली सत्तर वर्षं तिथे बाळंतिणीच्या प्रत्येक मरणाची चौकशी होते. शिक्षा द्यायला नव्हे, आपलं कुठे चुकलं ते कळायला.

सिंधुबाईला राहवलं नव्हतं. ती उभी राहून म्हणाली होती, तिथे बाईला किंमत आहे म्हणून चौकशी होते मॅडम, इथे बाई मेली की नुसता कागद भरतात. सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या होत्या. ते आठवून तिला आताही बरं वाटलं.

त्या ब्रिटनचेच पाहुणे काल सोमवारी माहेरघर बघायला येऊन गेले. त्यांच्यासाठी पाच दिवस आधीच जिल्ह्यावरून बारा कोऱ्या, पांढऱ्याशुभ्र चादरी आल्या होत्या. मागच्या खेपेला चादरींवर तांबड्या मातीचे पाय उमटले, तेव्हा साहेबांनी शिपायांदेखत सिंधुबाईची अब्रू काढली होती. या वेळी तिनं तशी वेळच येऊ दिली नाही. पाहुणे चादरींवरून हात फिरवून खूश होऊन गेले. बाया कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं, तेव्हा सध्या कुणी नाही म्हणून सांगितलं.

फुलीबाई अंगणात बसली होती. मांडीवर चार दिवसांचं बाळ, आणि त्याच्या ओठांवर ती कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पिळत होती. ते पाहून सिंधुबाई जास्तच भडकली. घरच्यांच्या अडाणीपणानं पोर गेली, इथून सुरुवात करून तिनं म्हातारीला तोंडाला येईल ते सुनावलं. फुलीबाई खालमानेनं ऐकत राहिली. घरात ती भिलीच बोलायची. पण आयुष्यभर खांडबाऱ्याच्या बाजारात बसून तिला अहिराणी चांगली येत होती.

“मी तुले कितींदा सांगेल व्हतं, फुलीबाई? मंग तिले माहेरघरमां काबर नही आनी?”

“आम्ही उनूत ना, बाई. दारले कुलूप व्हतं. सांजलगून वट्टावर बसनूत.”

सिंधुबाईचा आवाज चढला. दिवस भरलेल्या पोरीला दिवसभर बाहेर बसवून माघारी पाठवली? चार कोस, पायी? ही चौकशी आता व्हायलाच हवी होती. ज्यानं कुणी हे केलं त्याची नोकरी घालवल्याशिवाय ती राहणार नव्हती.

“कोन व्हता तो कुलूप लावनारा? नाव सांग. मी त्याले सोडाव नही.”

फुलीबाईनं पहिल्यांदाच मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. विचारलं म्हणून ती सांगत होती.

“ज्या दिन तू खांडबाराले शिकाले गयी व्हती ना, त्या दिन. चावी तुन्हाजोडे शे, असं नथ्थू शिपाई बोलना.”

सिंधुबाईचा हात आपोआप खांद्यावरच्या पिशवीकडे गेला. गोळ्यांच्या डब्याखाली चावी होती. गुरुवारी सकाळी तिनंच ती तिथे ठेवली होती.

बाळ चुटूचुटू दूध ओढत होतं. मग तिनं फॉर्म गुडघ्यावर घेतला, ‘घरी’वरची खूण खोडली आणि ‘दवाखान्यात’वर केली. खाली कारण लिहायला एक ओळ होती. त्या ओळीत तिनं लिहिलं: चादरी मळू नयेत म्हणून माहेरघराला कुलूप लावलं होतं. चावी माझ्याकडे होती.